विमान जाऊ दे

आत्याकडे बोलण्याची एक रीत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. डाव आमटीच्या पातेल्यात तसाच, दुसरा हात हवेत, नजर खिडकीकडे. मग घरघर सुरू व्हायची, चढत जायची, खिडकीच्या काचांना बारीक कापरं भरायचं, फडताळातल्या कपबश्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. तो सगळा गोंगाट डोक्यावरून समुद्राच्या दिशेनं निघून गेला की आत्या वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायची. ‘...म्हणून मी तिला म्हटलं, शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी.’ मधून एक अख्खं विमान गेलंय याचा त्या वाक्यावर ओरखडासुद्धा नसायचा.

आम्ही चिपळूणचे. आमच्या आकाशात विमान म्हणजे खडूची एक रेघ. दुपारी खळ्यात आमसुलं वाळत घालताना कुणीतरी वर बोट दाखवायचं आणि आम्ही डोळ्यांवर हात धरून ती रेघ पुसट होईपर्यंत बघत राहायचो. तिला आवाज नसायचा. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत एसटीनं मुंबईला आलो आणि पार्ल्याला आत्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पहिल्यांदा विमानाचं पोट बघितलं, तेव्हा मी जेवणावरून उठून गॅलरीत पळालो होतो. चाकं आत ओढून घेताना दिसली. पंखाखालची अक्षरं वाचता आली. आतेभावंडं हसली. दुसऱ्या दिवशीही पळालो. तिसऱ्या दिवशी भात कालवत बसून राहिलो, आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की आपणही वाक्याच्या मध्येच थांबायला लागलोय.

ते घर पार्ले पूर्वेला, हायवेच्या अलीकडे. एका अंगानं विमानांचा आवाज यायचा आणि दुसऱ्या अंगानं, वारा असेल तसा, बिस्किटांच्या फॅक्टरीचा वास. भाजलेल्या मैद्याचा, साखरेचा, किंचित करपलेला. तो वास आला की भूक लागायची आणि विमान आलं की तोंड बंद व्हायचं, अशी माझी पार्ल्याची पहिली ओळख. फॅक्टरी २०१६ साली बंद झाली. पार्ल्याचा तो वास आता नाकात आहे तेवढाच. आवाज मात्र वाढत गेला.

‘विमान जाऊ दे’ हा आत्याच्या घरातला वाक्प्रचारच झाला होता. काका ऑफिसातून चिडून आले आणि साहेबाला शिव्या द्यायला लागले की ती म्हणायची, ‘विमान जाऊ दे, मग बोला.’ त्या वेळी विमान असेलच असं नाही. तिच्या मुलीनं एकदा लग्नाच्या बोलणीत भावी सासूबाईंना हेच ऐकवलं आणि त्या बिचाऱ्या आकाशाकडे बघायला लागल्या. पुढं आमच्या चिपळूणच्या घरातही हे शब्द रुजले. आमच्याकडे विमान कुठलं येतंय, पण बाबा रागावले की आई दोन्ही तळवे खाली करून म्हणायची, ‘जाऊ दे, विमान जाऊ दे.’

मुंबईच्या विमानतळाला नकाशावर दोन धावपट्ट्या दिसतात. मोठी पूर्व-पश्चिम, साडेतीन किलोमीटरच्या जरा आतली. धाकटी तिरकी, वायव्येकडून आग्नेयेकडे. पण दोघी एकमेकींना छेदून जातात, मुलांच्या फुली-गोळ्याच्या खेळातल्या फुलीसारख्या. एकीवर विमान धावत असताना दुसरीवर सोडायचं म्हणजे मधल्या चौकात काय होईल ते सांगायला नको. म्हणून एका वेळी एकीचाच वापर. धाकटीच्या एका टोकापुढं तुर्भ्याची टेकडी आणि अणुशक्ती केंद्र, त्यामुळे तिच्यावर काम निवांत होत नाही. एरवी सगळा भार मोठीवर. म्हणजे वर्षाला पाच कोटींवर माणसं ज्या दारातून ये-जा करतात, ते दार एकपाखी आहे.

हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. कोकणातल्या माणसाला एकेरी मार्गाची सवय असते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून आम्ही ‘क्रॉसिंग’ हा शब्द शिकलो. गाडी रानात, कुठल्यातरी लहानशा स्टेशनात उभी राहते. का, तर क्रॉसिंग आहे. समोरून येणारी जाईल तेव्हा आपली सुटेल. माणसं खाली उतरतात, पाय मोकळे करतात, एखादा करवंदं विकणारा डब्याला लागतो. मग लांबून भोंगा ऐकू येतो, पलीकडच्या रुळांवरून राजधानी धडधडत निघून जाते, आणि आपल्या गाडीला जाग येते. थांबणं हा प्रवासाचाच भाग आहे हे आम्हाला रेल्वेनं पटवलं. विमानात मात्र क्रॉसिंगसाठी खाली उतरता येत नाही. ते हवेत करावं लागतं.

आत्याच्या इमारतीत तळमजल्याला एक गृहस्थ राहत. विमानतळाच्या मनोऱ्यात नोकरीला होते, हवाई वाहतूक नियंत्रक. रात्रपाळी करून आले की पायरीवर बसून पेपर वाचत आणि आम्हा मुलांच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देत. धावपट्टीला नंबर का असतो हे मी त्यांच्याकडून शिकलो. होकायंत्रावर पश्चिम म्हणजे २७०. त्यातलं शून्य काढलं की २७. तीच पट्टी उलट्या बाजूनं वापरली की ०९. धाकटी १४ आणि ३२. विमान उडताना आणि उतरताना वाऱ्याला छाती देतं, आणि मुंबईचा वारा समुद्रावरून येतो, म्हणून बहुतेक दिवस विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि आमच्या डोक्यावरून पश्चिमेला उडतात. म्हणजे आत्याच्या वाक्यांत जे विमान शिरायचं ते कायम जाणारं असायचं. येणाऱ्यांचा आवाज कुर्ल्याच्या, जरीमरीच्या लोकांच्या वाट्याला. त्यांच्याकडेही एखादी आत्या अशीच थांबत असणार, असं तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं.

त्या गृहस्थांची एक खोड होती. ते विमानांकडे कधी बघायचे नाहीत, पण दोन विमानांमधलं अंतर कानानं मोजायचे. पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, आता जरा जास्त वेळ गेला, उतरणाऱ्यानं वळण चुकवलं असेल. त्यांनी मला जे समजावलं ते असं, की विमानतळाचं सगळं काम मधल्या फटीत असतं. उतरणारी विमानं दूरवरूनच एका माळेत ओवून आणायची. दोन मण्यांमध्ये एवढीच जागा ठेवायची की तेवढ्यात एक उडणारं सोडता येईल. उतरलेल्यानं मिनिटाच्या आत तिरक्या वाटेनं पट्टीवरून बाजूला व्हायचं. उडणाऱ्यानं आधीच पट्टीच्या तोंडाशी येऊन, सगळी तयारी करून, परवानगी कानावर पडताच धावायला लागायचं. यात कुणी दहा सेकंद रेंगाळला तर मागून येणाऱ्याला उतरता उतरता परत वर जावं लागतं, मोठा फेरा मारून पुन्हा माळेच्या शेवटी लागावं लागतं. शिवाय जड विमानामागून हलकं लगेच सोडता येत नाही. मोठ्याच्या पंखांनी हवेत भोवरे उठतात, ते विरायला दोनेक मिनिटं द्यावी लागतात. हे मला लगेच समजलं. दाभोळच्या खाडीत लाँच गेली की मागची होडी कशी हिंदकळते ते मी पाहिलं होतं. होडीवाला तेव्हा वल्हं उचलून गप्प बसतो.

एका धावपट्टीवर जगात सर्वांत जास्त विमानं हाताळण्याचा मान बरीच वर्षं लंडनच्या गॅटविकचा होता. मग मुंबई पुढं गेली. ताशी ४६ विमानं हा इथला वाखाणला गेलेला आकडा. ८ डिसेंबर २०१८ या एका दिवसात इथून १,००७ विमानांची ये-जा झाली. पेपरात ते वाचलं आणि मी भागाकार केला: दर ८६ सेकंदांना एक. सवयीनं मनात आलं, आत्याचं वाक्य साधारण केवढं असतं? अर्धी निम्मी उतरणारी, ती तिला नीटशी ऐकू येत नाहीत, म्हणजे तिला मिळतात पावणेतीन-तीन मिनिटं. तेवढ्यात रव्याच्या लाडवाची कृती सांगून होते, पण सासरकडची हकिगत मावत नाही. मी तिला फोन करून हा विक्रम सांगितला. ती म्हणाली, ‘तरीच त्या दिवशी दूधवाल्याशी हिशेब जुळेना.’

गर्दी वाढते तशी हवेतली रांगही वाढते. मी नोकरीनिमित्त नागपूरहून मुंबईला विमानानं यायला लागलो तेव्हा उतरायच्या वेळी विमान हमखास कलायचं. खाली खाडी दिसायची, डोंगर दिसायचे, मग ढग. मग पुन्हा तीच खाडी, तेच डोंगर. शेजारचे लोक घड्याळ बघून करवादायचे. मला क्रॉसिंगला थांबलेली गाडी आठवायची. फक्त इथं करवंदं नाहीत. एकदा पायलटनं सांगितलं की आपला नंबर सातवा आहे, आणि माझ्या मागच्या सीटवरची एक आजी मोठ्यानं म्हणाली, ‘अगो बाई, दवाखान्यासारखंच की.’ शेवटी विमान सरळ व्हायचं, घाटकोपरच्या टेकडीवरची घरं वर यायला लागायची, मग पत्रे, पत्र्यांवरचं निळं प्लास्टिक, प्लास्टिकवरचे टायर आणि दगड, एखाद्या छपरावर पतंग उडवणारा पोरगा. इतकं जवळ, की त्यानं मांजा ढिला सोडलेलासुद्धा कळावा. आणि चाकं टेकायची.

या विमानतळाच्या आधीची गोष्ट जुहूची. पार्ल्याहून समुद्राकडे गेलं की लहानशी धावपट्टी अजून आहे, हेलिकॉप्टरांची. १९२८ पासूनची. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन एकट्यानं लहानशा पस मॉथ विमानातून इथंच उतरले. पावसाळ्यात मात्र जुहूचा चिखल व्हायचा आणि टपालाच्या विमानाला पुण्याचा आसरा घ्यावा लागायचा. पुढं सांताक्रूझची मोठी पट्टी आली, जुहू मागं पडलं. पण दोघींची दिशा जवळपास एकच आणि मध्ये अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. १९५३ साली एक परदेशी कॉमेट जेट चुकून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं आणि त्याला तिथून हलायला नऊ दिवस लागले. १९७२ च्या सप्टेंबरात एका जपानी डीसी-८ नं तीच चूक केली. ते पट्टी संपवून पुढं गेलं आणि पुन्हा उडालंच नाही. माणसं वाचली. माझा मोठा आतेभाऊ शाळा बुडवून ते बघायला गेला होता. तो सांगतो की, एवढं मोठं जनावर नाक खुपसून बसलेलं बघून त्याला हसू आलं होतं आणि आपण हसलो याची दिवसभर लाज वाटली होती. मला विचाराल तर या गोष्टीत चूक कुणाची यापेक्षा त्या वैमानिकाच्या शेवटच्या दोन सेकंदांचं कुतूहल जास्त आहे. पट्टी पुढं दिसतेय, आणि संपतेय, आणि हे आपलं घर नव्हे हे कळतंय.

मिठी नदी विमानतळाच्या हद्दीतून जाते, धावपट्टीच्या पोटाखालून. पट्टीला जागा हवी म्हणून नदीला काटकोनात वळवलंय. नद्या काटकोनात वळत नाहीत, पण मुंबईत सगळ्यांनाच सांभाळून घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ ला नदीनं सांभाळून घेतलं नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि विमानतळ बंद पडला. आत्याचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. पाणी कुठवर आलं होतं, कोण कुठं अडकलं, हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली की, रात्री पावसाचा एवढा आवाज, पण झोप लागेना, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, आणि पहाटे तिला कळलं की विमानं नव्हती.

पावसाळ्याच्या आगेमागे, साधारण मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, एक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दोन्ही पट्ट्या बंद ठेवतात. चाकं टेकताना टायरचं रबर पट्टीवर घासून चिकटतं, थरावर थर चढतो, त्यावर पावसाचं पाणी पडलं की घसरगुंडी. ते खरवडतात, दिवे तपासतात, भेगा बुजवतात. लग्नघरात पंगती उठल्यावर भराभर शेण फिरवून घ्यावं तसं. पाऊस काय करू शकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या १ जुलैला रात्री मुसळधार पावसात एक विमान उतरताना मोठ्या पट्टीच्या पुढं जाऊन चिखलात रुतलं, ते काढून पट्टी खुली करायला जवळजवळ चार दिवस गेले. तेवढे दिवस सगळा गाडा धाकटीनं ओढला.

मेमधल्या अशा एका दुपारी मी योगायोगानं आत्याकडे होतो. अकरा वाजले आणि आवाज थांबला. पहिला अर्धा तास कुणाला काही जाणवलं नाही. मग कोकिळा ऐकू आली. ती रोजच ओरडत असणार. मग खालच्या घरातला कुकर, मग जिन्यात कुणाच्या तरी चपला. आत्या बोलत होती आणि बोलता बोलता, विमान नसताना, थांबत होती. तिची मान खिडकीकडे वळायची, हात वर व्हायचा, काहीच यायचं नाही, आणि ती जरा वरमून पुढं बोलायला लागायची. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं काहीसं.

२०२० मध्ये मार्चच्या अखेरीपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं बंद होती. मी पुण्यात, आत्या पार्ल्यात. रोज संध्याकाळी फोन. तिची वाक्यं किती लांब असू शकतात हे मला तेव्हा कळलं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, गुहागरच्या माहेरवाशिणींपासून ते इमारतीच्या टाकीपर्यंत, मधे कुठं दम घ्यायला जागा नाही. सुरुवातीला मजा वाटली. मग एक दिवस तीच म्हणाली, ‘अरे, मी बोलत सुटते आणि थांबायचं कुठं तेच कळत नाही. तोंडून नको ते निघून जातं.’

हे मला लागलं, कारण त्या विमानांचा एक उपयोग मी पूर्वीच पाहून ठेवला होता. सगळी वाक्यं आत्या परत उचलत नसे. साखरेचं, भांड्याचं, दूधवाल्याचं वाक्य उचलायची. काही मात्र विमान आलं की सोडून द्यायची, आणि आवाज ओसरल्यावर दुसरंच काहीतरी बोलायची, इतक्या सहज की समोरच्याला वाटावं ती विसरली. मी पंचविशीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या चिपळूणच्या घराचे आणि आगराचे कागद नावावर करताना आत्यानं हक्कसोड दिलं होतं. बहिणी देतात, रीतच आहे, त्याची कुणी चर्चा करत नाही. पण त्यानंतर बाबा आणि आत्या चार-पाच वर्षं एकमेकांकडे नीट गेले-आले नव्हते, आणि का, ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, ‘हक्कसोडावर सही करून आम्ही कचेरीच्या बाहेर आलो ना, तेव्हा तुझ्या बाबांनी मला...’ आणि विमान आलं. मी वाट बघितली. काचा थरथरून थांबल्या. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘ताक घेतोस का?’

मी ताक घेतलं. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. बाबा गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

विमानतळाच्या आसपास उंच बांधायला बंदी असते. उतरणाऱ्या-चढणाऱ्या विमानांची वाट नरसाळ्यासारखी पसरत जाते, त्या पट्ट्याला फनेल झोन म्हणतात. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला इथल्या शेकडो जुन्या इमारती या नरसाळ्याखाली अडकल्या आहेत. बाकीच्या मुंबईत चार मजली पाडून वीस मजली उभ्या राहतात. इथं वर जाता येत नाही, मग बिल्डरही येत नाही. आत्याच्या इमारतीच्या रविवारच्या बैठकांतून मी ‘ना हरकत दाखला’ हे शब्द इतक्या वेळा ऐकले की एखाद्या स्तोत्राचं पालुपद वाटावं. लिफ्ट नाही, स्लॅब गळतो, गुडघे गेलेत. वरचं आकाश विमानांचं, खालची जमीन सोसायटीची, आणि मधल्या हवेवर कुणाचा किती मजले हक्क आहे यावर पंचवीस वर्षं पत्रव्यवहार. पलीकडे सहारला ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण. टर्मिनलला नाव मिळालं त्यांच्या गावाचं, आणि गाव टर्मिनलच्या सावलीत गेलं. हक्कसोड सगळेच काही कागदावर करत नाहीत.

आता नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. तिकडे उलव्याची टेकडी कापली, नदीला बाजूला केलं, गावं उठली. जुन्या विमानतळावरची गर्दी त्यानं हलकी होईल असं सगळे म्हणतात. आतेभावानं हे आत्याला ओरडून सांगितलं. ओरडून, कारण गेली दोन-तीन वर्षं तिला ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलंय, ते शिट्टी वाजवतं म्हणून फडताळात, कपबश्यांशेजारी ठेवलेलं असतं. तिनं सगळं ऐकून घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, ‘म्हणजे आता लिफ्ट लावणार?’

गेल्या महिन्यात तिला भेटायला गेलो. खिडकीशी तिची खुर्ची होती. ती बोलत होती, पूर्वीसारखीच, हात हलवत. पहिलं विमान आलं तेव्हा मी सवयीनं थांबलो आणि चमकलो, कारण ती थांबली नव्हती. ओठ हलत होते, हात हलत होता, मधेच ती हसली, आणि मला त्यातलं एक अक्षर पोचत नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा ती विमानातून बोलत सुटली होती. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘आता असंच असतं. निम्मं आम्हाला ऐकू येतच नाही.’

चहा झाला. सूनबाई बाजारात गेल्या. घरात आम्ही दोघंच. काय झालं कोण जाणे, मी तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं विचारलं, ‘आत्या, हक्कसोडाच्या दिवशी कचेरीच्या बाहेर बाबा तुला काय म्हणाले होते?’

तिनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. बराच वेळ काही बोलली नाही. मी समजलो की ऐकू गेलं नाही. मग ती बोलायला लागली. ‘पाऊस होता,’ म्हणाली. ‘छत्री एकच. तुझे बाबा पायरीवर थांबले आणि मला...’

काचा कापायला लागल्या. मी तळहात वर केला, म्हणालोही असेन, विमान जाऊ दे. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खिडकीबाहेर, हायवेच्या पलीकडे कुठंतरी बघत शांतपणे बोलत होती. एकदा तिनं दोन बोटं वर केली. एकदा मान हलवली. फडताळात कपबश्या किणकिणत होत्या. आवाज डोक्यावर आला, पार झाला, समुद्राकडे कलला, बारीक झाला.

‘...एवढंच,’ आत्या म्हणाली. ‘तुला सांगितलंच असेल म्हणा त्यानं.’

मी घड्याळाकडे पाहिलं. पुढचं विमान यायला दोन मिनिटं तरी होती.